गाडीखाली ऑइलचा डाग दिसतोय? साताऱ्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कोरेगाव रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. पाऊस उघडला, अंगणातली फरशी वाळली, की आठ-दहा दिवसांत फोन सुरू होतात: "गाडीखाली काळा डाग पडलाय, इंजिन गेलं का?" बहुतेक वेळा इंजिन गेलेलं नसतं. एखादं रबराचं पॅकिंग कडक झालेलं असतं, नाहीतर एखादा वायसर बदलायचा राहिलेला असतो. पण नेमकं काय ते न शोधता खर्च करणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

डाग इंजिन ऑइलचाच आहे हे कसं ओळखायचं?

बोटावर घ्या आणि दोन बोटांत चोळा. इंजिन ऑइल गुळगुळीत लागतं. नवं असेल तर मधासारखं दिसतं, वापरलेलं असेल तर तपकिरी ते काळं. डिझेल गाडीत ते भरल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्यामुळे काळा रंग बघून घाबरू नका. हिरवट किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका. उन्हाळ्यात डाव्या-उजव्या बाजूला स्वच्छ पाणी टपकत असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

किती गळती 'किरकोळ' म्हणायची?

आपल्या भाषेत यासाठी चांगले शब्द आहेत आणि मी गिऱ्हाइकाला तेच विचारतो: पाझरतंय, ठिबकतंय की गळतंय? पाझर म्हणजे सांध्यावर ओल धरलीय, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय, पण खाली थेंब पडत नाही. असल्या पाझरावर वर्ष-दोन वर्षं नुसती नजर ठेवून चालतं. ठिबक म्हणजे रात्रभरात दोन-चार थेंब. त्याचं कारण महिन्याभरात शोधावं. सकाळी गाडीखाली तळहाताएवढं थारोळं दिसलं, किंवा इंजिन चालू असताना थेंबामागून थेंब पडताना दिसला, तर ती किरकोळ गळती राहिली नाही.

पण खरं माप जमिनीवरच्या डागात नसतं, ते गेज पट्टीवर, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवर असतं. अर्धा चमचा ऑइलसुद्धा फरशीवर भलतंच पसरतं. बहुतेक लहान गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरच्या आसपास फरक असतो. इंजिनात एकूण तीन-साडेतीन लिटरच ऑइल असताना एक लिटर जाणं फार मोठं आहे. हजार किलोमीटरमध्ये पट्टी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आली, तर जमिनीवर डाग असो-नसो, गाडी आणा. ऑइल बाहेर गळत नसेल तर आत जळत असेल, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघावं लागेल.

पट्टी बघायची पद्धतही नीट हवी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत राहणाऱ्यांची गाडी कायम उतारावर उभी असते, तिथे पट्टी खोटं सांगते. सपाट जागा शोधा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून मग बघा. वहीत तारीख, किलोमीटर आणि पट्टी कुठे होती ते लिहा. तीन नोंदी झाल्या की गळती वाढतेय का ते कोणालाही न विचारता कळतं.

गळती नेमकी कुठून होतेय ते कसं शोधायचं?

या सगळ्या पानातला हा एक प्रश्न नीट वाचलात तरी माझं लिहिणं कामाला आलं.

थेंब जिथे पडतो तिथूनच गळती होत असते असं नाही. ऑइल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून वाट काढत खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्याच्या झोताने मागे ढकललं जातं, आणि जिथे टोक सापडेल तिथून थेंब होऊन पडतं. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर त्यात साठून भलतीकडूनच बाहेर येतं. म्हणून खालून वर बघत जायचं आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. मूळ तिथे असतं.

पण वर्षानुवर्षं चढलेल्या काळ्या थरात काहीच दिसत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे धुणं. इंजिन थंड असताना डिग्रीझर (तेलकट थर सोडवणारं द्रावण) मारा, ब्रशने घासा, चिंधीने पुसा. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि वायरिंगचे सॉकेट प्लॅस्टिकच्या पिशवीने झाका. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची नळी थेट इंजिनावर मारू देऊ नका. पाणी कॉइलमध्ये शिरलं की गाडी मिसिंग करते आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात. पेट्रोलने इंजिन धुणारे अजूनही दिसतात. कृपा करून ते करू नका, एक ठिणगी पुरते.

धुऊन कोरडं झालं की वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. त्यात यवतेश्वरचा घाट चढून या. चढावर इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं आणि लपलेली गळती बाहेर येते. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. काळी, धूळ बसलेली ओल जुनी असते. चकचकीत, स्वच्छ ओल आजची. महाबळेश्वर-कास भागात फिरणाऱ्या गाड्यांवर तांबडी धूळ बसलेली असते, तिच्यावर ताजी ओल लगेच उठून दिसते.

रात्री गाडीखाली मोठ्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा आणि पुढची चाकं कुठे आहेत ते त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळचे डाग इंजिनाच्या कुठल्या बाजूला पडले ते त्यावरून नेमकं कळतं. तरीही सापडत नसेल तर संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर उडवा (बेल्ट आणि हवेच्या फिल्टरपासून लांब) आणि इंजिन चालू ठेवा. पावडरीत ओलीची वाट उमटते. आमच्याकडे शेवटचा उपाय म्हणजे ऑइलमध्ये टाकायचा खास रंग, जो अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतो. पण खरं सांगतो, नीट धुतलेल्या इंजिनावर त्याची गरज क्वचित पडते.

बहुतेक वेळा गळती निघते कुठून?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून. इंजिनाच्या डोक्यावरचं ते झाकण. त्याखालचं रबर वर्षानुवर्षं तापून-निवून प्लॅस्टिकसारखं कडक होतं आणि दाब धरत नाही. लक्षण म्हणजे झाकणाच्या कडेने, विशेषतः मागच्या केबिनकडच्या बाजूला ओल. काही गाड्यांत ऑइल स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि गाडी मिसिंग करते. अशा वेळी प्लग काढण्याआधी खड्ड्यातलं ऑइल टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये जातं.

त्यानंतर ड्रेन नट (जुनं ऑइल काढायचा खालचा नट), ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, चेंबरचं (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग आणि क्रँकची (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढची-मागची सील, साधारण याच क्रमाने मी बघतो. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलता येतं का?

हात चालत असेल तर येतं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पाना लावू नका, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. जोडताना कुठली वायर कुठे ते आठवत नाही. कव्हरच्या आजूबाजूची माती आधी साफ करा, कारण झाकण उघडल्यावर एक खडा जरी आत पडला तरी तो कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) जातो. बोल्ट बाहेरून आत अशा क्रमाने थोडे थोडे ढिले करा. कव्हर चिकटून बसलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हेड, म्हणजे झाकणाखालचा इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं, त्यावर एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथून पाझरणार. हलक्या हाताने रबरी हातोड्याने ठोका.

दोन्ही बाजू प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करून कोरड्या करा. नवं रबर खाचेत नीट बसवा. इथे सगळीकडे सिलंट फासायची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती चुकीची आहे. रबराच्या पॅकिंगला चौफेर सिलंट लागत नाही. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचं झाकण) आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर, आणि कॅमच्या अर्धगोलाच्या टोकांना एकेक ठिपका पुरतो. जास्त लावलेलं आत सुटतं आणि ऑइलबरोबर फिरून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं.

बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून आवळा. जोर फार थोडा लागतो. बऱ्याच गाड्यांत दहा न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. "अजून थोडं आवळू म्हणजे गळायचंच नाही" या विचाराने मोडलेले बोल्ट आणि तडकलेली कव्हर मी दर वर्षी बघतो. सिलंट लावला असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा, मगच इंजिन चालू करा.

सर्व्हिसिंग करून आणली आणि दुसऱ्याच दिवशी डाग. काय झालं असेल?

कदाचित काहीच नाही. फिल्टर काढताना ऑइल सांडतं, ते कोपऱ्यात साठून दोन-तीन दिवस ठिबकत राहतं. पुसून घ्या आणि पुन्हा बघा.

तरी थांबत नसेल तर दोन जागा. पहिली ड्रेन नट. त्याखालचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला की चपटा होतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. वायसर अगदी स्वस्त असतो आणि तरी तोच वाचवला जातो. गळतंय म्हणून नट अजून आवळू नका. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर आटे जातात आणि मग आटे नव्याने पाडावे लागतात किंवा चेंबरच बदलावा लागतो.

दुसरी जागा फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक. गाडी उभी असताना थोडं पाझरतं, पण वेगात दाब वाढला की ऑइल भसाभस बाहेर येतं. सर्व्हिसिंगनंतर अचानक जोरात गळायला लागलं तर गाडी लगेच बंद करा आणि फिल्टर काढून हे आधी बघा. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचं, हाताने टेकेपर्यंत फिरवायचं, मग साधारण पाऊण फेरा. पान्याने कचकचून आवळायचा नसतो.

ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तर तेही त्रास देतं. क्रँक त्यात बुडून फेस होतो, दाब वाढतो. जास्तीचं काढून टाका.

"मागची क्रँक सील गेलीय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगितलंय. उतरवू का?

थांबा. आधी दुसरीकडे दाखवा, आणि इंजिन धुऊन दाखवा.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. गॅरेज नवीन असताना एका ऊस बागायतदाराची गाडी आली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होता. मी वर बघितलंच नाही. सील सांगितली, गिअरबॉक्स उतरवला, सील घातली, दोन दिवस गाडी अडकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी ते परत आले, थेंब तिथेच. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल निघून इंजिनाच्या पाठीवरून उतरत होतं आणि नेमकं त्या सांध्यात जमत होतं. मजुरी परत दिली. ते एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यानंतर माझ्या गॅरेजमध्ये इंजिन न धुता गळतीचं निदान होत नाही.

सील खरंच गेली असेल तर वर सगळं कोरडं असतं आणि ओल फक्त त्या सांध्याच्या आतून येते. कधी ऑइल क्लच प्लेटवर जाऊन क्लच स्लिप होतो. तशी खात्री झाली तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तो खाली असताना क्लच प्लेट झिजलेली असेल तर तीही बदलून घ्या. त्या कामात पैसा पार्टपेक्षा मजुरीत जातो, तीच मजुरी पुन्हा वर्षाने कशाला द्यायची?

नवीन सील घातली तरी काही महिन्यांत पुन्हा गळतं. असं का?

इंजिनातला वायू बाहेर पडायची वाट तुंबली असेल. सिलिंडरमधून थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये (क्रँक असते त्या खालच्या भागात) येतच असतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप त्याला परत इंजिनाकडे नेतात. तो रस्ता चिकट काजळीने बंद झाला की आत दाब साचतो आणि ऑइल सगळ्यात कच्च्या सांध्यातून बाहेर ढकललं जातं. तुम्ही एक सांधा पक्का केलात की ते दुसरा शोधतं. म्हणून एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाझर दिसला की मी सील बघायच्या आधी ब्रीदर बघतो. ते काम सोपं आहे आणि बहुतेकदा लोक तेच विसरतात. ब्रीदर साफ असूनही आत दाब असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत का ते तपासावं लागतं.

डिझेल टर्बो गाडीच्या रबरी पाइपला ऑइलची ओल आहे. गळती आहे का?

आतल्या बाजूला पातळ थर असणं नेहमीचं आहे, ब्रीदरमधून ऑइलची वाफ तिकडे जाते. सांध्यातून बाहेर ओघळ दिसला तर क्लिप बघा.

ऑइलचा लाल दिवा लागला, पण गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे. जाऊ का?

नाही. दोनशे मीटरही नाही. तो दिवा बहुतेक गाड्यांत ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब नाही एवढंच सांगतो. म्हणजे तो लागला तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नसण्याची शक्यता आहे. बाजूला घ्या, बंद करा, पट्टी बघा. ऑइल पुरेसं असेल तर कदाचित प्रेशर स्विचच खराब असेल (तो त्याच्या वायरच्या टोकातूनही पाझरतो), पण ते ठरवायचं काम बंद इंजिनावर. टोइंगचा खर्च आणि इंजिन बांधायचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

घाट चढल्यावर जळका वास येतो. धोका आहे का?

खंबाटकी किंवा पसरणी चढून वर थांबलात आणि बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास आला, तर ऑइल गरम सायलेन्सर मॅनिफोल्डवर पडतंय. टॅपेट कव्हरचीच गळती, पण जागा वाईट. नुसता वास असेल तर त्या आठवड्यात काम करून घ्या. धूर दिसत असेल तर गाडी चालवू नका, आग लागू शकते. हा वास क्लचचाही असू शकतो. अर्ध्या क्लचवर घाट चढण्याची सवय असेल तर आधी तिकडे संशय घ्या.

गळती थांबवणारं औषध टाकू का? की जाडसर ऑइल भरू?

औषध रबराला थोडं फुगवतं आणि मऊ करतं. जुनी, सुकलेली सील किंचित पाझरत असेल तर काही काळ फरक पडतो. तडकलेल्या पॅकिंगला, गेलेल्या आट्याला किंवा ढिल्या बोल्टला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी स्वतः कोणाला देत नाही.

जाड ऑइल तर नकोच. हल्लीच्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल लागतं, कारण आतल्या वाटाच तशा बारीक ठेवलेल्या असतात. थेंब वाचवण्यासाठी वरच्या भागाला ऑइल उशिरा पोहोचवणं हा वाईट सौदा आहे.

गाडीखाली जायला जॅक पुरतो ना?

गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. विटा आणि दगडही नकोत; वीट अचानक चुरते. दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड), सपाट कडक जमीन, मागच्या चाकांना ओंडके आणि ओढलेला हँडब्रेक. हे सगळं नसेल तर पिट असलेल्या गॅरेजमध्ये जा. वरून होणारी कामं घरी करा, खालची आम्हाला द्या.

गतिरोधकावर चेंबर आदळला आणि गळायला लागलं. विम्यातून मिळेल का?

आदळून फुटलेला चेंबर हा अपघात आहे, त्याचा दावा करता येतो. झिजलेल्या पॅकिंगचा नाही, झीज विम्यात नसते. महत्त्वाचं हे, की आदळल्यावर गाडी तशीच चालवली आणि ऑइल संपून इंजिन जाम झालं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. आदळल्याचा आवाज आला की थांबा, खाली वाकून बघा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा.

दर महिन्याला थोडं ऑइल टाकत राहिलो तर काय बिघडतं?

पट्टी खरोखर दर आठवड्याला बघणार असाल तर इंजिनाचं फारसं काही बिघडत नाही. पण लोक दोन महिने बघतात आणि मग विसरतात. शिवाय ऑइल पडतं ते रस्त्यावर. घाटाच्या वळणावर, पहिल्या पावसात, तो थर दुचाकीवाल्याला आडवा करतो. बेल्टवर आणि इंजिन माउंटिंगच्या रबरावर पडलं तर तीही फुगून खराब होतात, आणि स्वस्तातल्या पॅकिंगचं काम महागात जातं.

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकू?

गटारात नाही. साताऱ्यातलं पाणी वेण्णेकडे आणि कृष्णेकडे जातं, माहुलीला दोन्ही नद्या एक होतात आणि पुढे हेच पाणी कऱ्हाड-सांगलीपर्यंत शेताला आणि घरांना लागतं. वापरलेलं ऑइल केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून ते खांबांना फासतात, गोठ्याच्या कडेला ओततात. विहिरीजवळ तर हे अजिबात करू नका, ते मातीत मुरतं. रिकाम्या ऑइलच्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू नका, आणि ते घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. आमच्याकडे मागच्या बाजूला पिंप ठेवलंय, दुसरीकडे सर्व्हिसिंग केलेल्यांचं ऑइलही आम्ही घेतो. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा आणि तोही सोबत आणा.